बांधातला मासा

जतकडं आकाराम आणि मायाप्पा हे सख्खे भाऊ दर पेरणीला दोघांमधला बांध आपापल्या बाजूनं नांगराच्या एकेका तासानं कोरत होते. यंदा तो वीतभर उरला, तशा कुऱ्हाडी निघाल्या. मायाप्पाचा अर्धा कान ढेकळांत पडला आणि त्याच्या शेजारी आकारामचे चार दात. तेवढ्यात एक घाव चुकून बांधात बसला आणि आतनं मासा उमटलेली फरशी वर आली.

"त्वांड माझ्या बाजूला हाय, मासा माझा!"

"शेपूट सोड आदी!"

पुन्हा जुंपली. भांडण मिटंना, म्हणून गावानं सांगलीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या क्षमा मॅडमना बोलावलं. त्यांनी कुंच्यानं माती झाडली आणि त्या खाली बसल्याच.

"अहो, हा टिक्टालिक! साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा. पोहायच्या परांत हाडं बघा कशी पायासारखी आहेत. पाण्यातून जमिनीवर यायला हीच जात आधी निघाली."

आकारामनं रक्त थुंकलं. "मंजे ह्या जमिनीवर आमच्या आदी ह्यो?"

"कितीतरी आधी."

"मग ह्येचा वारस कोन?" मायाप्पानं कान दाबून धरत विचारलं.

मॅडम हसल्या. "आपण सगळीच. जगातली झाडून सगळी माणसं."

भावांनी एकमेकांकडं पाहिलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.



"मायाप्पा, पळ, घण आण! दुनियेची नावं सातबाऱ्यावर चढायच्या आत ह्येला ठेचू."