रिकामं स्ट्रेचर

कारखान्यात आगीची रंगीत तालीम होती. सुरक्षा अधिकारी बाईंना ती कशीबशी उरकायची होती, कारण मोठ्या साहेबांना फक्त फोटो हवे होते. वरच्या मजल्यावरून जखमीला खाली आणायचं ठरलं, पण जखमी व्हायला कोणी तयार होईना.

"मग रिकामंच आणा," बाई म्हणाल्या. "फोटोत कोण निरखून बघतंय?" वर कोणी राहिलंय का, हे बघायलाही त्यांनी कुणाला पाठवलं नाही.

चौघं कामगार स्ट्रेचर घेऊन जिना उतरू लागले, पायरीपायरीला थांबत, धापा टाकत. खाली जमलेल्या बायका खिदळल्या. बाईंनाही हसू आवरेना. "अहो, पुरे झालं नाटक!"

चौघांपैकी कोणीच हसलं नाही. त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. पुढे असलेला वेल्डर कसाबसा म्हणाला, "मॅडम, एक बाजू धरता का जरा?"

बाईंनी तोऱ्यात दांडा धरला आणि त्यांचा खांदा खाली ओढला गेला. कापड मात्र सपाट होतं. त्यांनी त्यावर तळवा ठेवला. ते कोमट होतं.

खिदळणं थांबलं. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत हे बाईंना कळत होतं, पण शरमेनं मान वर करवेना.

"मॅडम," वेल्डरनं हळूच विचारलं, "वर कोण राहिलं होतं?"

"कोणी नाही," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि हातातल्या दांड्याला हिसका बसला. निजलेलं माणूस कुशीवर वळावं तसा.