सहापानी शब्द

बायको गेली त्याच दिवशी कळलं, वर्षभर तिला औषधं देणारा डॉक्टर डॉक्टर नव्हताच. मृत्यूच्या दाखल्यावर सही करायला तो टाळाटाळ करू लागला, तेव्हा मी त्याच्या भिंतीवरची पदवी नीट वाचली. ती त्याच्या मेलेल्या काकाची होती.

तक्रार करायची ठरली. मी शिंपी, मला अर्जबिर्ज जमत नाही. तिचा धाकटा भाऊ इंग्रजीचा प्राध्यापक. तो म्हणाला, "भाऊजी, माझ्यावर सोडा. ताईसाठी एवढं तरी करू द्या."

महिन्याने उजळलेल्या चेहऱ्याने आला. "असल्या डॉक्टरला इंग्रजीत 'क्वॅक' म्हणतात. पण शब्द आला कुठून, माहीत आहे? डचांकडून! बाजारात ओरडून मलमं विकणारे असायचे, त्यांच्यावरून."

"हा कुठे ओरडायचा? हळू, गोड बोलायचा. तुझी ताई त्यालाच भुलली. अर्ज झाला का?"

"आधी शब्द तर पक्का होऊ द्या!"

"अरे, सदरा बेतताना मी कापूस कुठे पिकला ते शोधत बसतो का?"

"तुम्हाला नाही कळायचं, भाऊजी."

परवा मासिकात त्याचा लेख आला. 'क्वॅक' या शब्दाची जन्मकथा, सहा पानं. वर 'ताईच्या स्मृतीस'. त्याला अभिनंदनाचे फोन येताहेत. माझ्या दुकानातून त्या दवाखान्यापुढची रांग दिसते.



अर्ज अजून लिहायचा राहिला आहे.