चाकापाशी झिजलेली जागा

"व्वा, आरसा झालाय नुसता," बोटीच्या डाव्या बाजूपुढे हात मागे बांधून उभे राहत कप्तान म्हणाले.

घासूमास्तरने पॉलिशचं फडकं खांद्यावर टाकलं. आरसा झाला होता तो उजव्या बाजूचा. डावीकडे त्याने अजून बोटही लावलं नव्हतं. तिथला जेलकोट, म्हणजे फायबरवरचा तो चकचकीत थर, उन्हाने जुन्या दातांसारखा पिवळा पडला होता.

दिवसभर बोटी घासणं हाच धंदा, म्हणून अख्खी गोदी त्याला घासूमास्तर म्हणायची. हात जेवढे कामात, तेवढंच डोकं नको त्या चौकशांत. हा माणूस पिवळ्याला आरसा का म्हणतोय, हा किडा आता त्याच्या डोक्यात वळवळायला लागला.

बोट लहानशीच होती, पलीकडच्या काठावर टपाल आणि किराणा पोचवणारी. ती आज पांढरीशुभ्र दिसायला हवी होती, कारण दुपारी कप्तानांची मुलगी यायची होती. बाबांना नीट दिसत नाही अशी कुणकुण तिच्या कानावर गेली होती. खरं निघालं तर बोट विकून टाकायची, असं तिने फोनवरच बजावलं होतं.

"अकरा वर्षं सुकाणूच्या चाकावर मी उभा आहे," कप्तान सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाले. "दुसऱ्या कोणाला हात लावू दिलेला नाही."

मास्तर शिडीने वर चढून केबिनमध्ये शिरला. चाकापाशी डेक गुळगुळीत झालं होतं. पाय घसरू नये म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यानेच पाडलेली खडबडीत नक्षी पार झिजली होती. त्याने नेहमीसारख्या सगळ्या जागेवर शिसपेन्सिलने रेघोट्या मारल्या आणि लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासायला घेतलं. उंचवट्यावरच्या रेघा पुसल्या जातात, खोलगट जागी तशाच राहतात. कुठे किती भरायचं ते मग विचारावं लागत नाही.

या खेपेला भलतंच कळलं. चाकाला अगदी चिकटून दोन पावलं उमटली. अरुंद, आखूड, जवळजवळ ठेवलेली. मास्तरने दारातून वाकून खाली उभ्या असलेल्या कप्तानांचे बूट पाहिले. त्या एकेका बुटात असली दोन पावलं मावली असती.

आता त्याला चैन पडेना. चाकापासून दोन हात लांब, डाव्या खिडकीपाशी, काही काम नसताना त्याने रेघोट्या मारल्या आणि घासून पाहिलं. तिथे कप्तान उमटले.

तेवढ्यात कप्तानांची बायको चहाचा पेला घेऊन वर आली. बाई इतक्या ठेंगण्या, की आत चाकापाशी उभ्या राहिल्या तर डोळे जेमतेम काचेच्या कडेवर यायचे; काठावरून त्या दिसायच्या नाहीत. खालच्या खुणा दिसताच त्या जागच्या जागी थबकल्या.

"वहिनी, एक विचारू?"

"नका विचारू. आधी ते पुसा."

"रेघा पुसतो. खड्डा कसा पुसू?"

बाईंनी पेला खाली ठेवला. "तीन वर्षं झाली," त्या हळूच म्हणाल्या. "बोट चालवायचा परवाना आहे माझ्याकडे, रीतसर परीक्षा दिलीय. काठावरच्या लोकांना खिडकीतली ह्यांची टोपी दिसते. तेवढी दिसू दे की, मास्तर. ती गेली तर घरात बसून झुरतील हे."

मास्तरला आपल्या चौकस स्वभावाचा मनापासून राग आला. त्याने ओल्या फडक्याला हात घातला, पण शिडी वाजली आणि मुलगी आत आली. ती खाली बघत राहिली. मग चप्पल काढून तिने एका खुणेत आपलं पाऊल ठेवलं. ते बरोबर बसलं. निदान पायांच्या बाबतीत ती आईवर गेली होती.

"आई?"

बाई चहाच्या पेल्याकडे बघत होत्या. मास्तर फडकं पिळत होता, त्यात पिळण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

खाली कप्तानांनी सगळं ऐकलं असावं. ते वर आले, प्रत्येक पायरी आधी बुटाने चाचपत. दारात उभे राहून त्यांनी आवाजाच्या अंदाजाने मास्तरकडे तोंड केलं.

"चाकापाशी नक्षी नवी करणार ना? मग जरा दाट करा. आणि तिच्या मापाने करा. पाय घसरतो तिचा. मला ऐकू येतं."

बाईंनी डोळ्याला पदर लावला.

"आणि बाबा, तुम्ही काय करता तिकडे खिडकीपाशी?" मुलीने विचारलं. तिला धड रागावता येत नव्हतं.

"टोपी घालून उभा राहतो."

मुलीने खिडकीपाशी जाऊन बापाच्या बुटांच्या खुणा पाहिल्या. मग तिने मास्तरला सांगितलं, "दोन्ही जागी नक्षी करा. आणि खिडकीपाशी धरायला एक दांडी बसवा."