मिठाचं निमित्त

गुनवोरने आपली जुनी अॅमेझॉन गाडी मागे घेत कोठाराच्या दोन खांबांमध्ये नेमकी उभी केली आणि इंजिन बंद केलं. पंचेचाळीस हिवाळे तिने ही गाडी बर्फात चालवली होती. यंदा पहिल्यांदाच ती एप्रिलपर्यंत झाकून राहणार होती.

स्टाफानने, तिच्या मुलाने, सप्टेंबरभर तेच लावून धरलं होतं. बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात ते मीठ पत्रा खातं, अजून दोन हिवाळे काढलेस तर खालून चाळण होईल, सुटे भाग आता मिळत नाहीत. त्याला गाडीचं एवढं वाटतंय हे बघूनच ती विरघळली होती. गुनवोरची धाकटी बहीण मायकेन म्हणाली होती, पोहायला आपण बसने जाऊ, त्यात काय. दर शनिवारी गुनवोरच तिला मोरा शहरातल्या पोहण्याच्या तलावावर न्यायची.

स्टाफान बॅटरी काढून घेऊन बाहेर गेला. कोठाराचा मालक एस्तेन ताडपत्री ओढू लागला, तेव्हा गुनवोरने त्याला बजावलं, गाडी दाराजवळच राहू दे, एप्रिलमध्ये रस्त्यांवरचं मीठ धुतलं गेलं की दुसऱ्या दिवशी मी हजर.

एस्तेनचे हात थांबले. तुमच्या बहिणीने फोनवर वेगळंच सांगितलं, तो म्हणाला. गाडी अगदी मागे लावा, किल्ली मुलाकडे द्या. ती गाडी मागायला आली तर काहीतरी कारण सांगा, असं म्हणाल्या.

बाहेर स्टाफानच्या गाडीत मायकेन मागच्या सीटवर कॉफी पीत होती. गुनवोरने दार उघडलं.

"एस्तेनला फोन तू केलास?"

मायकेनने कप खाली केला. "जानेवारीत तू दोनदा समोरून येणाऱ्या गाडीच्या अंगावर गेलीस. तुला कळलंही नाही."

गुनवोरला ते शनिवार आठवले. जानेवारीनंतरही मायकेन शेजारी बसून गप्पा मारत होती, परतताना वेलचीचा पाव अर्धा मोडून देत होती.

"मला का नाही सांगितलंस? मीठ, गंज, हे सगळं कशाला?"

"गाडीसाठी तू कबूल झालीस," मायकेन म्हणाली. "स्वतःसाठी झाली नसतीस."

स्टाफान पुढे काचेकडे बघत होता. थंडी आहे, आत बस आई, एवढंच म्हणाला.

गुनवोर कोठारात परत गेली. किल्ली तिने एस्तेनच्या हातात ठेवली. "ही तुमच्याकडेच ठेवा. ह्या दोघांपैकी कोणालाही देऊ नका."

पुढच्या सीटवर बॅटरी होती, म्हणून तिला बहिणीशेजारीच बसावं लागलं. मायकेनने वाकून तिच्या अंगावरून सीटचा पट्टा ओढला, लहान मुलाला बांधतात तसा. गुनवोरने पट्टा अडकवायच्या खाचेवर तळहात दाबून धरला.

गाव येईपर्यंत पट्टा मायकेनच्या हातातच ताणलेला राहिला.