उंदरांची भाकरी

चिंधाने भिंतीला कान लावला आणि सरलाबाईला हातानेच गप्प बसवलं. पलीकडे खुडखुड झाली. मग काहीतरी फरफटत गेलं.

"जित्ता शेतस उंदीर," तो म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला.

सुरतेत प्लेग शिरला होता. निम्मं शहर पळालं होतं, त्यात डॉक्टर सगळ्यांच्या पुढे. डिंडोलीच्या त्या चाळीत ओळीने कुलपं लागली होती आणि माणूस म्हणून काय ते चिंधा आणि त्याची बायको सरलाबाई उरले होते. सरलाबाईला नववा लागलेला. उधन्याहून सुटणाऱ्या गाडीच्या टपावरसुद्धा जागा नव्हती, तिथे पोटुशी बाई बसवायची कुठे? आणि बसवून तरी काय? तिच्या माहेरच्या वेशीवर लोक लाठ्या घेऊन बसले होते. सुरतेचं माणूस गावात नको, हा निरोप तिच्या सख्ख्या भावानेच धाडला होता.

तेव्हा सगळा भरवसा उंदरांवर. जुनी माणसं सांगत, आधी उंदीर मरून पडतात, मग माणसाची पाळी येते. शेजारच्या उखाच्या बंद खोलीत उंदीर खुडखुडताहेत तोवर चाळीत प्लेग नाही, पोटातलं पोर सुखरूप, एवढं चिंधाला पुरत होतं. इतकी वर्षं कापडाच्या मागावर काढलेली. आवाज ओळखण्यात आपण चुकत नाही, हा त्याचा तोरा होता.

उखाने जाताना खोलीत उंदरांचं औषध टाकलं होतं. पावडरही मारली होती. "मी येईपर्यंत कुलपाला हात लावू नको, चिंधाभाऊ," असं बजावून तो चिंधाचा हात धरून हमसून हमसून रडला. घर सोडताना एवढा धिप्पाड गडी रडतो याचं चिंधाला नवल वाटलं, मायाही वाटली.

आपल्या आईला, बायजाआजीला, उखाने आदल्या दिवशीच मेव्हण्याच्या टेम्पोत बसवून गावी लावलं होतं. सगळी चाळ तेव्हा प्लेगच्या गोळ्यांच्या रांगेत उभी होती, त्यामुळे म्हातारीला कुणी भेटलं नाही. सरलाबाईला त्याची फार रुखरुख लागून राहिली. लकव्याने आजीची वाचा आणि उजवं अंग गेलं होतं. दुपारी सरलाबाई तिला ओट्यावर आणून बसवायची आणि आजी आपला डावा, हिरवा गोंदलेला हात तिच्या पोटावर ठेवायची. मुलगा की मुलगी ते बोटांनी सांगायची. रोज वेगळं.

उखाचं औषध नकली असावं, हे नशीबच म्हणायचं. पण नकली नसलं आणि उद्या उंदरांनी ते खाल्लं तर? दोन्ही खोल्यांच्या मोऱ्यांमधल्या भिंतीत पाणी जायला एक भोक होतं. उंदीर आत येऊ नयेत म्हणून चिंधाने त्यात वीट बसवली होती. ती काढून तो भाकरीचा तुकडा पलीकडे सरकवायचा आणि लगेच वीट लावायचा. पोट भरलेलं असलं की विषाला तोंड लावणार नाहीत, असा त्याचा विचार.

"पिठाच्या डब्याचा तळ दिसून राहिला, आणि तुम्ही उंदरांना जेवू घाला," सरलाबाई म्हणायची. पण थापताना एक लहानशी भाकरी जास्तच थापायची. एकदा तर तिने ती वरणात बुडवून दिली. कोरडी कशी गिळतील, म्हणाली आणि स्वतःच हसली.

देण्याआधी चिंधा भिंतीवर तीनदा ठोकायचा. ठोकलं की पलीकडची फरफट जवळ यायची. कधी पाण्याच्या पिंपाचं झाकण पडायचं. "कसे शिकवले," तो फुशारकी मारायचा.

एका सकाळी पलीकडे काहीच हाललं नाही. चिंधाने ठोकलं, पुन्हा ठोकलं. सरलाबाईचा चेहरा पांढरा पडला. तिने गाठोडं बांधलं, सोडलं, परत बांधलं. जाणार कुठे? दिवसभर ती पोटाला हात लावून रडत बसली. चूल पेटलीच नाही. दिवेलागणीला भिंतीतून खुडखुड आली, अगदी बारीक, तशी ती उठली आणि कालची शिळी, स्वतःच्या वाटणीची अख्खी भाकरी तिने भोकातून आत सारली.

हळूहळू दुकानं उघडली. मागाचा खडखडाट परत ऐकू येऊ लागला. आणि एका दुपारी उखा आला, एकटा, हातात फिनेलचा डबा, डोक्यावर नुकते फुटलेले केस.

"आई गेली," तो म्हणाला. गावी पोचल्यावर दोनच दिवसांत. दिवसकार्य उरकून आलो.

सरलाबाई धाय मोकलून रडली. उखा या वेळी रडला नाही. तू कामावर जा, मी एकटाच खोली साफ करतो, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. पण कुलूप काही उघडेना. किल्ली मुठीत धरून ओट्यावर बसून राहिला. आईविना घरात पाय टाकायला जीव धजत नसेल, चिंधाला वाटलं. बिचाऱ्याचं मन जरा दुसरीकडे वळावं म्हणून त्याने उखाला हाताला धरून आपल्या खोलीत नेलं.

"तुझं औषध बोगस निघालं, उखा. तुझे उंदीर आमच्या भाकरीवर पोसलेत."

"कोणते उंदीर?" उखाने विचारलं.

चिंधा हसला. मोरीत वाकून त्याने भिंतीवर तीनदा ठोकलं, वीट काढली आणि भाकरीचा तुकडा पुढे धरला.

भोकातून हात बाहेर आला. डावा, हिरवा गोंदलेला.