निळ्या फुलाची चार रोपं

कालिम्पोंगचे निवृत्त मास्तर इंद्रमान राई यांनी लावा या गावाजवळच्या जंगलातून एका अनोळखी निळ्या फुलाची चार रोपं मुळासकट आणून अंगणात लावली. दोन वर्षांत तीन कुजली. शेवटचं चौथं कुजलं त्याच दिवशी, मास्तरांनी विचारणा केली होती त्या कलकत्त्याच्या वनस्पतितज्ज्ञाचं पत्र आलं. त्यात फुलाचं नाव होतं आणि शेणखत न घालता नुसत्या शेवाळात लावा, असा सल्ला होता. मास्तरांनी ते बायकोला वाचून दाखवलं.

"आमच्या गावात हे लहान पोरींनाही ठाऊक आहे," सुकमाया म्हणाली.

"मग इतके दिवस तोंड शिवून बसली होतीस? आता तर ते रानही रस्त्याच्या कामात गेलं."

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, तू चहा ठेव."