घरचंच मत

मतदान संपायला जेमतेम अर्धा तास उरला होता आणि उमेदवार बाई अजून स्वयंपाकघरातच होत्या. बाहेरच्या खोलीत कार्यकर्त्यांची ये-जा थांबत नव्हती. बाई ओट्यावरून हात काढायला गेल्या, की नवऱ्याची हाक आलीच. "अगं, अजून थोडा चहा टाक!" त्या घड्याळाकडे बघत पुन्हा पातेलं चढवायच्या.

जागा बायकांसाठी राखीव, म्हणून नाव बाईंचं. बाकी सभा त्याच्या, भाषणं त्याची. पोस्टरवर फोटो बाईंचा आणि फोन नंबर त्याचा. महिनाभर हात जोडत फिरला बिचारा, गल्लीतलं एक दार म्हणून सोडलं नाही.

शेवटी बाईंनी गॅस बंद केला आणि चपला अडकवल्या.

"अहो, मत देऊन येते."

"आत्ता? इथे माणसं खोळंबलीत! तुझं काय, घरचंच मत आहे."

बाई थांबल्या नाहीत. धापा टाकत पोचल्या, तेव्हा शिपाई फाटक लोटतच होता.

परत आल्या, तर नवरा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "दिलंस ना? बटण नीट बघून दाबलंस ना?"

"अगदी नीट बघून," म्हणत बाईंनी पुन्हा गॅस पेटवला.

अख्ख्या महिन्यात त्यांच्याकडे मत मागायला एकच जण आली होती. त्यांच्याविरुद्ध उभी राहिलेली बाई.